वाचकांचे प्रश्न : समाजकार्य करणाऱ्याने दिसावे तरी कसे?

गेल्या दोन महिन्यांत सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची होती, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राला इतरांपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे. त्यात विचारलेला प्रश्न माझ्या स्वतःच्या अठ्ठावीस वर्षांच्या कामात मला वारंवार भेटलेला आहे आणि तो मला अजूनही लागतो.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. माझी आई तीस वर्षे विड्या वळते आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाल्यानंतर गेली चार वर्षे मी शहराच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागाच्या बैठकीला मी इस्त्री केलेला सुती कुर्ता, पँट आणि चांगले बूट घालून गेले, तेव्हा तेथील अधिकारी हसून म्हणाले, ‘‘तुम्ही एनजीओच्या वाटत नाही.’’ उलट आमच्या संस्थेतील ज्येष्ठ मला सांगतात की देणगीदारांसमोर साधे राहावे, नाहीतर पैसे जातात कुठे असा प्रश्न निर्माण होतो. घरी एक स्थळ आले होते. मुलाच्या मामांनी विचारले, ‘‘समाजसेवा ठीक आहे, पण नोकरी कुठे करता?’’ मी हीच नोकरी असल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे समाजसेवेचा पगार घेता?’’ मी काय घालावे आणि काय उत्तर द्यावे, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे.

उत्तर : ताई, तुम्हाला टोकणारी माणसे वेगवेगळी असली तरी त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे. खांद्याला शबनम पिशवी, अंगात चुरगळलेला खादीचा झब्बा, पायांत झिजलेली कोल्हापुरी, पुरुष असेल तर वाढलेली दाढी आणि बाई असेल तर हातमागाची साडी व कपाळावर मोठी टिकली. या चित्रातला माणूस प्रामाणिक आणि भोळा असतो, बैठकीला उशिरा येतो, कागदपत्रे नीट ठेवत नाही आणि पगाराचा विषय काढत नाही. लोक त्याला एकीकडे देव्हाऱ्यात बसवतात आणि दुसरीकडे कचेरीतल्या कारकुनाइतकाही मान देत नाहीत. घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारा, अशी त्याची संभावना आपल्याच भाषेने करून ठेवली आहे.

हे चित्र हवेतून आलेले नाही. आपल्या शहरापुरते बोलायचे तर १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या दिवसांत गांधी टोपी घालून रस्त्यावर येणे हे धाडस होते, म्हणून त्या पिढीच्या मनात खादीला जो मान मिळाला तो रास्त होता. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून फक्त पंचा स्वीकारला, तेव्हा बॅरिस्टर झालेला माणूस आपल्याजवळचे काही सोडत होता. पुढे चळवळी बदलल्या, संस्था आल्या, कायदे आले, तरी लोकांच्या मनात सेवेची खूण म्हणून तो वेश तसाच राहिला.

दुसरे कारण अधिक रोजच्या व्यवहारातले आहे. वकिलाची नोंद बार कौन्सिलकडे असते, डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे असते. समाजकार्य करणाऱ्या सर्वांची नोंदणी करणारी आणि चुकल्यास त्यांना जाब विचारणारी अशी एकच वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. समोरचा माणूस या कामात तयार आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण लोकांजवळ नसल्यामुळे ते कपड्यांकडे पाहतात. कंपनीतल्या त्या अधिकाऱ्यांनीही तेच केले आणि तुमच्या संस्थेतल्या ज्येष्ठांनीही तेच केले. एकाने कपडे पाहून तुम्हाला कामाच्या बाहेर काढले आणि दुसऱ्यांनी कपडे बदलून आत राहण्याचा सल्ला दिला.

आता तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे येते, जे तुम्ही सहज लिहिले आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. तुमची आई तीस वर्षे विड्या वळते आहे. साधेपणा हा त्याग आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याग करणाऱ्याजवळ आधी काहीतरी असले पाहिजे हे गृहीत धरलेले असते. ज्या घरात पहिला ठरलेला पगार तुमच्या रूपाने आला, त्या घरच्या मुलीने गरीब दिसण्याचा अभ्यास करावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखाद्याने आपल्या मनाने साधे राहणे निवडले तर मी त्याला हात जोडते, परंतु दुसऱ्याने घातलेली अट म्हणून जो साधेपणा येतो त्याला मी त्याग म्हणायला तयार नाही.

आपल्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण मी नेहमी सांगते. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचा अंगरखा असे आणि हातात खराटा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सूट घालत. १९४९ साली गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. चिंध्या पांघरणाऱ्याने सूट घालणाऱ्यावर विश्वास टाकला, कारण दोघांनीही एकमेकांचे काम पाहिलेले होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलून स्वच्छ आणि नीटनेटके राहण्यास सांगितले होते. कमी लेखण्याची खूण म्हणून जे अंगावर लादले गेले होते, ते उतरवून टाका, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. तुम्ही इस्त्रीचे कपडे घालता तेव्हा तुम्ही याच वाटेवर आहात, असे मला मनापासून वाटते.

पगाराबद्दलही स्पष्ट बोलते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांच्या निर्वाहासाठी ठरावीक रक्कम देण्याची व्यवस्था त्यांनी केली होती, कारण पूर्णवेळ काम करणाऱ्याचे घर चालले पाहिजे हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे काम आहे, ही समजूत आपल्याकडे जवळजवळ नव्वद वर्षांची आहे. सोलापूरकरांना तर मी आणखी जुना आधार देईन. सिद्धरामेश्वरांच्या या गावात शरणांचा, म्हणजे वीरशैव-लिंगायत संतांचा, कायक आणि दासोहाचा विचार घराघरांत पोचलेला आहे. कायक म्हणजे आपल्या श्रमाचे प्रामाणिक काम, त्यातून आपला चरितार्थ; आणि दासोह म्हणजे उरलेले समाजासाठी. श्रमाचा मोबदला घेणे हे त्या विचारात कमीपणाचे नाही.

शिवाय तुमचे काम कोणालाही सहज जमेल असे नाही, हे मामांना माहीत नसेल तर त्यांना सांगायला हवे. विडी कामगार महिलेच्या ओळखपत्रावर माहेरचे तेलुगू आडनाव असते, आधार कार्डावर सासरचे असते, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते, आणि जन्मतारीख तर तिन्ही ठिकाणी वेगळी. निवृत्तीनंतर तिच्या हक्काची रक्कम त्या एका अक्षरासाठी अडून राहते. तिच्याशी तेलुगूत, शेजारणीशी कन्नडमध्ये आणि कचेरीत मराठीत बोलत, प्रतिज्ञापत्र, पुरावे व अर्ज यांची साखळी जुळवत तो गुंता सोडवायचा, आणि हे करताना तिने घरातील मारहाणीबद्दल सांगितलेली गोष्ट वस्तीत फुटू द्यायची नाही. गृहभेटीची नोंद त्याच दिवशी लिहायची आणि पुढची तारीख पाळायची. ज्याला हे येते तो व्यावसायिक. कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीला ज्यांचे नाव आहे, त्या गोदूताई परुळेकर कायद्याची पदवी घेतलेल्या होत्या. आदिवासींमध्ये काम करताना त्यांना आपले शिक्षण घरी ठेवून जावे लागले नाही.

काय घालावे, याचे उत्तर मला एका म्हाताऱ्या विडी कामगार बाईंनी दिले होते. मी वस्तीत जाताना मुद्दाम जुन्या, विटलेल्या साड्या नेसत असे. एकदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘बँकेत जाताना आम्ही ठेवणीतलं लुगडं नेसतो. तुम्ही आमच्याकडे येताना हे नेसता होय?’’ मला त्या दिवशी फार शरम वाटली. मी जो साधेपणा समजत होते तो त्यांना अनादर वाटत होता. तेव्हापासून मी एवढेच पाहते की कपडे स्वच्छ असावेत, उन्हात आणि बोळांत चालता यावे, जमिनीवर बसता यावे, आणि ज्यांच्या घरी जायचे त्यांच्या रीतीला धक्का लागू नये. कंपनीच्या बैठकीला तुम्ही जसे गेलात तसेच जा. पुन्हा कोणी तसे बोलले तर कपड्यांवर चर्चा न करता नोंदवही उघडा आणि वर्षभरात किती महिलांची कागदपत्रे दुरुस्त झाली, किती अडली, कशामुळे अडली ते सांगायला लागा.

मामांना मात्र उत्तर द्यायला हवे होते, आणि पुढच्या वेळी द्या. आपले पद सांगा, पगाराचा आकडा न संकोचता सांगा, भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तेही सांगा. जात नसेल आणि तुमच्या संस्थेत २० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर तो विषय ज्येष्ठांसमोर काढा. दुसऱ्यांच्या निधीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलीचे स्वतःचे खाते नसणे मला मुळीच सहन होत नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून होटगी रोड परिसरात राहतो. दरवर्षी एका संस्थेला माझ्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम देतो. अलीकडे त्या संस्थेचे चार कर्मचारी आमच्या सोसायटीत आले होते. चारचाकीतून उतरले, सर्वांचे कपडे उत्तम होते, दोघांकडे लॅपटॉप होते. माझ्या मनात शंका आली की आमच्यासारख्यांचे पैसे गरिबांपर्यंत पोचतात की यांच्या राहणीवर खर्च होतात? मी शंका घेतली हे चुकले का?

उत्तर : शंका घेण्यात आपले काहीही चुकलेले नाही. आपण दिलेल्या पैशाबद्दल विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि आपण आयुष्यभर हिशेब तपासलेले असल्यामुळे हे काम आपल्याइतके चांगले फार थोडे लोक करू शकतील. माझे म्हणणे इतकेच आहे की बँकेत कर्जाचा अर्ज आल्यावर आपण अर्जदाराच्या शर्टावरून निर्णय घेत नव्हता, ताळेबंद मागत होता. येथेही तसेच करावे.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर व्हावे लागतात. त्या हिशेबाची प्रत संस्थेकडे मागावी. प्राप्तिकर कायद्याखाली देणगीवर करसवलत मिळवून देणारी पावती मिळते का, आणि २००० रुपयांपेक्षा जास्त देणगी संस्था रोखीने मागते का, हेही पाहावे. त्या रकमेपुढील रोख देणगीवर आपल्याला करसवलत मिळत नाही, म्हणून रोखीचा आग्रह धरणाऱ्या संस्थेला कारण विचारावे. यानंतर मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा पाहावा, तो म्हणजे संस्थेच्या प्रमुखाचा पगार आणि वस्तीत किंवा गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार यांतील अंतर. कित्येक ठिकाणी वरच्या माणसाला पगार आणि खालच्या माणसाला मानधन असे दोन शब्द वापरून हे अंतर झाकले जाते. कार्यकर्त्या दर सहा महिन्यांनी सोडून जातात का, हेही विचारावे. नवी मुलगी वस्तीतल्या बाईचे नाव शिकेपर्यंत निघून जात असेल तर आपले पैसे खरोखर वाया जात आहेत, मग तिने कितीही साधे कपडे घातलेले असोत.

पगार म्हणजे गरिबांच्या वाट्यातून काढलेला पैसा, ही समजूत फार खोलवर आहे आणि काही नियमांच्या अर्धवट वाचनाने ती घट्ट झाली आहे. परदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली, परंतु ज्यांचे काम हेच संस्थेचे प्रत्यक्ष कार्य आहे, उदाहरणार्थ दवाखान्यातील डॉक्टर किंवा शाळेतील शिक्षक, त्यांचे पगार नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या तरतुदी १ एप्रिल २०१४ पासून लागू झाल्या. त्यांतील ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने या कामाच्या व्यवस्थापनावर स्वतः करायच्या खर्चाची आहे, तरीही कित्येक कंपन्यांचे अधिकारी तोच आकडा संस्थेतील माणसांच्या पगाराला लावतात. विडी कामगार महिलेचे समुपदेशन हेच काम असेल तर समुपदेशकाचा पगार हा कामाबाहेरचा खर्च कसा होईल?

चारचाकीबद्दलही एकदा विचारून पाहावे. ती भाड्याची असू शकेल. मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या दोन-तीन गावांचे काम एका दिवसात उरकायचे असेल तर चौघांनी मिळून गाडी करणे कदाचित स्वस्त पडत असेल. उत्तर समाधानकारक नसेल तर ते आपल्याला लगेच कळेल.

देणगीदाराच्या नजरेचा परिणाम संस्थेच्या आत काय होतो, हे मी पाहिलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होते तेथे एप्रिलमध्ये देणगीदार यायचे ठरले. पारा ४३ अंशांवर होता. आमच्या बाहेरच्या खोलीत एक कूलर होता आणि तपासणीसाठी येणाऱ्या गरोदर बायका त्याच्यासमोर बसून वाट पाहत असत. पाहुण्यांना उधळपट्टी वाटू नये म्हणून त्या दिवशी सकाळी आम्ही तो कूलर मागच्या खोलीत ढकलला आणि वर चादर टाकली. पाहुणे आले, साधेपणाचे कौतुक करून गेले. त्या दिवशी तीन बायका उकाड्यामुळे तपासणी न करताच परत गेल्या होत्या. चादर टाकणाऱ्यांत मीही होते आणि मी एका शब्दानेही विरोध केला नाही. म्हणून आपल्याला विनंती करते की पुढच्या भेटीत आपण होऊन त्या कर्मचाऱ्यांना म्हणावे, ‘‘तुम्हाला कामासाठी जे लागते ते माझ्यापासून लपवू नका.’’

एक गोष्ट मात्र मी आपल्या बाजूने मान्य करते. लॅपटॉप आणि चकचकीत सादरीकरण यांच्या आड काहीच काम नसलेल्या संस्था आहेत. झोळीच्या आडही तशा संस्था होत्या आणि आहेत. म्हणून तर मी हिशेबाचा इतका आग्रह धरते.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे, चादरी आणि टॉवेल काढतो. मुलगा अभियंता झाला आणि आता एमएसडब्ल्यू करतो म्हणतो. त्याने दाढी वाढवली आहे आणि चांगले कपडे टाकून दिले आहेत. लोक विचारतात, तुमचा मुलगा संन्यास घेतो की काय? मी परवानगी द्यावी का?

उत्तर : परवानगी द्यावी, आणि दाढीवरून वाद घालू नये. आपला मुलगाही त्याच चित्राला भुलला आहे, ज्याची चर्चा वर झाली. कामाला लागल्यावर दाढी ठेवायची की नाही हे त्याचे तो ठरवील. आपण त्याला एवढेच विचारावे की तुला काय येते आणि काय शिकायचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच शहराचे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकासोबत ते चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांची तळमळ मोठी होतीच, पण जखमी सैनिकांना त्यांचा उपयोग झाला तो त्यांना शस्त्रक्रिया करता येत होती म्हणून. आपल्या मुलाला यंत्रे कळतात, कापडाचा धंदा त्याने घरात पाहिलेला आहे. मागावर उभे राहून ज्यांच्या कानांवर आणि फुप्फुसांवर परिणाम होतो, त्या कामगारांच्या आरोग्यासाठी असा माणूस फार मोलाचा आहे. सुरुवात त्याने आपल्याच कारखान्यातून करावी. ते आपल्याला थोडे जड जाईल, परंतु त्याची तयारी किती आहे हे तेथेच दिसेल.

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातील जुना कार्यकर्ता आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मजुरांची हजेरी नीट लागावी म्हणून आम्ही रात्र-रात्र जागलो. धोतर, टोपी आणि एक पिशवी एवढ्यावर आयुष्य काढले. हल्लीची मुले बूट घालून येतात, दोन तास गावात फिरतात, त्याला फिल्ड व्हिजिट म्हणतात, इंग्रजीत अहवाल लिहितात आणि संध्याकाळी परत जातात. ही समाजसेवा की नोकरी? आमच्या पिढीचा साधेपणा आता थट्टेचा विषय झाला आहे, याचे दुःख होते.

उत्तर : दादा, आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या पिढीच्या साधेपणाची कोणी थट्टा करत असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. वर मी तरुण मुलीला जे लिहिले आहे त्याचा अर्थ आपले धोतर चुकीचे होते असा कृपया घेऊ नये. दुष्काळी कामावर मजुरांसोबत उन्हात उभे राहणाऱ्याने दुसरे काय घालायचे होते? आपण ते निवडले होते आणि निभावलेही.

आपल्या तक्रारीत मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. दोन तासांत गाव पाहून परतणे ही खरी उणीव आहे आणि त्याबद्दल मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. गावात मुक्काम केल्याशिवाय पाणी कोणाच्या विहिरीवर मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे कळत नाही. अहवाल गावाला वाचता येणार नाही अशा भाषेत लिहिणे हीसुद्धा उणीव आहे. परंतु बूट काढून टाकल्याने या दोन्ही उणिवा भरून निघणार नाहीत. या मुलांना एका वर्षाच्या करारावर नेमलेले असते, महिन्याला किती गावे झाली याचा आकडा वर पाठवायचा असतो आणि पुढच्या वर्षी आपली जागा राहील की नाही हे त्यांना माहीत नसते. मुक्कामाला वेळ न देण्याचा निर्णय बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसतो. त्यांच्या बुटांवर रागावण्यापेक्षा त्यांच्या संस्थांना असे विचारायला हवे की एका माणसाकडे किती गावे दिली आहेत.

नोकरी आणि सेवा यांत आपण जी रेघ ओढता, तीही मला तितकी ठळक वाटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी साधी राहणी ठेवली आणि त्याच वेळी प्रत्येक गावातील प्रत्येक जन्माची व मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणाऱ्या गावच्याच स्त्रियांना त्यांनी प्रशिक्षण दिले, आणि ३९ गावांतील त्या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साधेपणा होता, शिस्त होती, आणि आकडेही होते. आपणही रात्री जागून मजुरांची हजेरी तपासत होता, तेव्हा हेच करत होता; फक्त त्याला व्यावसायिकता म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती. १९७२ च्या त्या कामांवरील अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा राज्याचा कायदा उभा राहिला, आणि तो उभा राहण्यात हजेरीपटावरील खऱ्या अंगठ्यांचा वाटा होता.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की त्या काळातील वह्या आपल्या माळ्यावर अजून आहेत. त्या वाळवी लागण्याआधी खाली काढाव्यात. पहिले पत्र लिहिणाऱ्या ताईंना मी आपले पत्र दाखवले. त्या आणि त्यांच्या दोन सहकारी दिवाळीनंतर तीन दिवस आपल्या गावी मुक्कामाला यायला तयार आहेत. वह्यांची छायाचित्रे काढण्याचे आणि नावे उतरवून घेण्याचे काम त्या करतील. कोणत्या पानावरचा मजूर कोणत्या वाडीचा, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागेल. त्या बूट घालून येतील. आपली हरकत नसेल तर तारीख कळवावी.